चोणक : आधी बाबा, मग आई

मित्रांनो, आज कोड्यानेच सुरुवात करू या. असा कोण आहे, जो तरुणपणी बाबा असतो आणि वय वाढलं की आई होतो?

खाजवा डोकं! नाटकातलं पात्र नाही, जादूगार नाही, गोष्टीतला राक्षसही नाही. तो आपल्या सिंधुदुर्गातच राहतो. देवबागच्या, कालावलच्या खाडीत राहतो. आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो ताटात पाहिलाय, तिखलं करून नाहीतर रवा लावून तळून!

बरोबर, चोणक!

मालवणात आणि गोव्यात आपण त्याला चोणक म्हणतो. रायगड-मुंबईकडे गेलात तर तोच जिताडा होतो. बंगालात भेटकी, केरळात काळांजी, तामिळनाडूत कोडुवा आणि थेट ऑस्ट्रेलियात बारामुंडी. मार्कस ब्लॉख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १७९० साली या माशाची शास्त्रीय नोंद केली. म्हणजे आपल्या पणजोबांच्या पणजोबांना तो ठाऊक होताच, पुस्तकात मात्र तो तेव्हा आला.

दिसतो कसा? रुपेरी अंग, पाठीवर हिरवट-करडी झाक, डोक्यामागे थोडा खोलगट बाक आणि हे एवढं मोठं तोंड. रात्री बॅटरीचा झोत पडला, की डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात. लांबी? पूर्ण वाढलेला चोणक तुमच्याहून उंच भरू शकतो. दोन मीटरपर्यंत लांब आणि साठ किलोपर्यंत वजनाच्या चोणकाची नोंद आहे. अर्थात असे पैलवान क्वचितच. आपल्या खाडीत गरीला लागतात ते बहुतेक एक किलोपासून पाच-सहा किलोपर्यंतचे.

गोडं पाणी, खारं पाणी

आता जरा नकाशा काढा बघू. सह्याद्रीवरून नद्या निघतात आणि धावत-पळत समुद्राकडे येतात. कणकवली शहराला लागून गड आणि जानवली या नद्या वाहतात, कुडाळला लागून भंगसाळ. गडनदीचं पाणी पुढे कालावलच्या खाडीत येतं. कुडाळकडचं पाणी कर्लीच्या खाडीतून देवबागजवळ समुद्राला मिळतं. एका बाजूला देवबाग, पलीकडे भोगवे.

नदी समुद्राला भेटते तिथे गंमत होते. भरती आली की समुद्र नदीत शिरतो. ओहोटी लागली की नदी समुद्रात उतरते. दिवसातून दोनदा हा खेळ चालतो. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, त्याला आपण उधाण म्हणतो. अष्टमीच्या सुमाराला पाण्याची चढउतार कमी असते, तो भांग. तुमच्या घरात कोणी मासेमारी करत असेल, तर हे शब्द तुम्हाला शाळेत जायच्या आधीपासून पाठ असणार!

चोणकाला गोडं पाणी चालतं, खारं चालतं आणि मधलं मचूळही चालतं. फारच थोड्या माशांना हे जमतं. गोड्या पाण्यातला मासा समुद्रात टाकला तर तो मरतो, कारण खारं पाणी त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. चोणकाचे कल्ले आणि मूत्रपिंडं मात्र आपलं काम बदलू शकतात. खाऱ्या पाण्यात ती जास्तीचं मीठ बाहेर फेकतात आणि गोड्या पाण्यात मीठ धरून ठेवतात.

बाबांची आई कशी होते?

पावसाळ्याच्या सुमाराला मोठे चोणक खाडीच्या तोंडाशी जमतात. तिथलं पाणी खारं लागतं, कारण गोड्या पाण्यात अंडी जगत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, संध्याकाळी भरती लागली, की मादी अंडी सोडते. अंडं केवढं? एक मिलिमीटरहूनही लहान. आणि किती? पाच-सहा किलोच्या मादीच्या पोटात वीस-तीस लाख असू शकतात. खूप मोठी मादी असेल तर हिशेब कोटींत जातो.

भरतीचं पाणी ही अंडी अलगद खाडीत आत घेऊन येतं. अठरा-वीस तासांत पिल्लं बाहेर पडतात, दीड मिलिमीटरची. ती कांदळवनात, खाजणात, भातशेतीच्या कडेच्या चरांत शिरतात. थोडी मोठी झाली की वाट मोकळी असेल तिथवर नदीत वर चढतात, अगदी गोड्या पाण्यापर्यंत. तिथे कोळंबी, लहान मासे खाऊन गुबगुबीत होतात.

तीन-चार वर्षांची झाली, की ती वयात येतात. आणि जवळजवळ सगळे नर असतात. हे नर खाली खाडीच्या तोंडाशी येतात आणि बाबा होतात. असे एक-दोन हंगाम जातात. मग साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात, लांबी मीटरभराच्या घरात आली, की त्यांच्या शरीरात बदल सुरू होतो. नराचा अवयव हळूहळू विरघळतो आणि त्याच जागी अंडाशय तयार होतो. पुढच्या हंगामात तोच मासा अंडी घालतो. काल बाबा, आज आई!

(आशियात काही ठिकाणी लहानपणापासूनच मादी असलेले थोडे चोणकही सापडले आहेत. निसर्गाच्या नियमांना असे अपवाद असतात, बरं का!)

तुम्ही विचाराल, हा उपद्व्याप कशाला? साधा हिशेब आहे. बाबा व्हायला पोटात फार जागा लागत नाही. लहान नरसुद्धा लाखो अंडी फळवू शकतो. पण आई व्हायचं तर पोट मोठं हवं. जेवढं मोठं पोट, तेवढी जास्त अंडी. म्हणून निसर्गाने वाटणी केली : लहान असताना बाबा व्हा, मोठे झालात की आई व्हा.

एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे.

चला गरवायला

रापण तुम्ही पाहिली असेल. ते समुद्रकिनाऱ्यावरचं काम, पन्नास हातांचं. गरवणं मात्र एकट्या-दुकट्याचं. हातात दोरी, टोकाला गरी, गरीला आमिष आणि मनात भरपूर धीर.

चोणक शिकार कशी करतो हे कळलं, की त्याला गरवायचं कसं तेही कळतं. तो मासे हुडकत फार फिरत नाही. खडक, जुना खांब, पाण्यात कोसळलेलं झाड, कांदळाची मुळं अशा आडोशाला तो दबा धरून बसतो. समोरून बोयटाचं पिल्लू किंवा कोळंबी गेली, की तोंड एकदम उघडतो. तोंडात पाणी खेचलं जातं आणि पाण्याबरोबर भक्ष्यही. पाण्यावरून खेचलं तर ‘भुप्’ असा आवाज होतो. जाणते गरवणारे तो आवाज ऐकूनच सांगतात, ‘चोणक आसा हय!’

म्हणून गरी टाकायची ती आडोशाच्या जवळ. वेळ पहाटेची किंवा तिन्हीसांजेची. भरती-ओहोटीचं पाणी ज्या वेळी फिरतं, त्या वेळी मासा जास्त हालतो. आमिष म्हणून जिवंत कोळंबी किंवा बोयटाचं पिल्लू. हल्ली लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा खोटा मासाही वापरतात. दोरी हळूहळू ओढली, की तो पोहल्यासारखा दिसतो.

चोणक गरीला लागला, की आधी पळतो आणि मग उडी मारतो. अख्खा पाण्याबाहेर येऊन डोकं झटकतो. त्या झटक्याने गरी सुटली तर तो जिंकला. दोरी सैल सोडलीत तरी तोच जिंकला!

आणि एक सूचना. चोणकाच्या कल्ल्यांच्या झाकणाला करवतीसारखी धार असते, शिवाय एक काटाही असतो. कल्ल्यात बोटं घालून उचलायला गेलात तर बोट कापलंच म्हणून समजा. शास्त्रीय नावातल्या ‘कॅल्केरिफर’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘काटा बाळगणारा’ असा आहे.

मुलांनी एकट्याने खाडीवर जायचं नाही, हे काय वेगळं सांगायला हवं? चिखलात पाय रुततो, भरती पाठीमागून कधी चढते कळत नाही, पावसाळ्यात तर ओढ भयंकर. मोठं माणूस बरोबर हवं आणि होडीत असाल तर अंगात लाइफ जॅकेट हवं.

आता काय कराल?

समजा, तुम्ही आजोबांबरोबर कर्लीच्या काठावर आहात. दिवस मावळतोय. उधाणाचं पाणी नुकतंच फिरलंय. गरी टाकली, पाच मिनिटं गेली, दहा गेली. आणि खस्सकन दोरी ताणली! तुम्ही ओरडता, आजोबा धावतात, चोणक दोनदा उडी मारतो, आणि अर्ध्या तासाने तो काठाशी येतो. दंडाएवढा जाड. आजोबा टेप लावतात. एकशे दोन सेंटिमीटर!

आता तुमच्या डोळ्यांपुढे काय येईल? शाळेतल्या मित्रांचे चेहरे. आईने केलेलं तिखलं. शिवाय एवढ्या चोणकाचे बाजारात काही हजार रुपये सहज येतील.

आणि आजोबा म्हणतात, ‘सोड त्येका.’

तुम्हाला रडू येणार. साहजिक आहे! पण आजोबा पुढे म्हणतात, ‘अरे, ही आवस आसा. आवशीक कोण मारता काय?’

आजोबांना ती मादी आहे हे कसं कळलं? टेप लावली ना! एक मीटरच्या वरचा चोणक म्हणजे जवळजवळ नक्कीच मादी.

आपण एक गणित मांडू. समजा एका खाडीत शंभर चोणक आहेत. त्यांतले नव्वद लहान किंवा मध्यम, म्हणजे पिल्लं आणि बाबा. दहा मोठे, म्हणजे आया. आता दहा मासे पकडायचे आहेत. मध्यम आकाराचे दहा घेतले, तर ऐंशी उरतात, आणि दहाही आया जागेवर. पुढच्या पावसाळ्यात अंडी पडणार. पण मोठे बघून दहा घेतले, तर? नव्वद मासे खाडीत पोहत असतील, खाडी भरलेली दिसेल, आणि अंडं एकही पडणार नाही. मेलेल्या आईच्या जागी नवी आई यायला किती काळ लागेल? मासा जन्मून मादी व्हायला सहा वर्षं धरली, तर आज जन्मलेलं पिल्लू, तुम्ही सहावीत असाल तर, तुमच्या बारावीच्या परीक्षेच्या वेळी आई होईल.

आणि अगदी लहानांनाही सोडायचं. का? कारण ते अजून बाबासुद्धा झालेले नाहीत. पाऊण किलोचं पिल्लू कढईत गेलं, तर पुढचे बाबाही गेले आणि पुढच्या आयाही गेल्या. म्हणजे घरी न्यायचा तो मधला. दोन्ही टोकांचे पाण्यात परत.

ऑस्ट्रेलियात काय करतात?

हा नुसता आजोबांचा मायाळूपणा नाही, काही देशांत असा कायदाच आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान बारामुंडी ठेवता येत नाही आणि १२० पेक्षा मोठाही ठेवता येत नाही. म्हणजे पिल्लांना संरक्षण आणि आयांनाही.

त्याच देशात मरे नावाची मोठी नदी आहे. तिच्यात मरे कॉड नावाचा गोड्या पाण्यातला मासा असतो. नाव कॉड, पण समुद्रातल्या कॉडशी त्याचं नातं नाही. तोही दीड-पावणेदोन मीटरपर्यंत वाढतो आणि शंभर किलोच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. यात बाबा अंड्यांची राखण करतात, पिल्लं बाहेर येईपर्यंत जागा सोडत नाहीत. एकोणिसाव्या शतकात हा मासा मेलबर्न शहरातून वाहणाऱ्या यारा नदीतही नेऊन सोडला. आज तिथे शहराच्या गजबजाटातही लोक गरी टाकून बसतात. पण व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या दोन्ही राज्यांत नियम ठरलेला आहे : ५५ ते ७५ सेंटिमीटरच्या मधला मासाच घरी न्यायचा. शिवाय सप्टेंबर ते नोव्हेंबर, म्हणजे त्याच्या विणीच्या महिन्यांत, नद्यांत त्याला पकडायला बंदी.

आपल्याकडे? पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. २०२३ साली महाराष्ट्राने समुद्रातल्या बऱ्याच माशांसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवून दिला. ‘किमान’ म्हणजे खालची रेघ. चोणकासाठी वरची रेघ आपली आपणच आखायला काय हरकत आहे?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ज्या काकांचं घर मासळीवर चालतं, त्यांच्यासाठी मोठा चोणक म्हणजे मुलाची फी असते, घराचं कौल असतं. त्यांना ‘सोडून द्या’ म्हणणं सोपं, सोडणं अवघड. पण हौस म्हणून गरवणाऱ्याचं पोट त्या माशावर नसतं. म्हणून सोडण्याची सुरुवात हौशी माणसाने करायची. हौस त्याची, तर जबाबदारीही त्याचीच.

पाळलेला चोणक हाही एक मार्ग आहे. रायगडात खारजमिनीच्या गावांत पावसाळ्यात सापडलेली जिताड्याची पिल्लं घराजवळच्या तळ्यात वाढवण्याची जुनी पद्धत आहे. १९९७ साली चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेने या माशाची वीण बंदिस्त टाकीत घडवून आणली. त्यामुळे खाडीतली पिल्लं न उचलताही शेती करता येऊ लागली.

सोडायचा कसा?

नुसता पाण्यात फेकला म्हणजे सोडला असं नाही. हात आधी ओले करा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. जबड्याला धरून लोंबकळत ठेवू नका. मोठ्या माशाचं पोट दुसऱ्या हाताने तोलून धरा. गरीचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून ठेवला असेल, तर गरी पटकन निघते. फोटो? काढा की! पण तेवढा वेळ तुमचाही श्वास रोखून धरा. तुम्हाला दम लागला, म्हणजे त्यालाही लागला. मग वाहत्या पाण्याकडे तोंड करून त्याला हळूच धरा. कल्ले नीट हलू लागले, की तो शेपटीचा एक फटका मारील आणि तुमच्या तोंडावर पाणी उडवून जाईल. तेच त्याचं ‘धन्यवाद’!

घराचं दारच बंद झालं तर?

गरीपेक्षा मोठी संकटं चोणकावर आहेत. नदीवर बंधारा झाला आणि माशाला वर जायची वाट ठेवली नाही, तर पिल्लांची शाळाच बंद. वाळू बेसुमार उपसली, तर खाडीचा तळ आणि त्यातले आडोसे गेले. कांदळवन तोडलं, तर पाळणाघर गेलं. आणि वरच्या शहरांतून नदीत प्लॅस्टिक, सांडपाणी पडलं, तर ते वाहत वाहत येतं कुठे? याच पाळणाघरात! कणकवली-कुडाळच्या मुलांनो, तुम्ही समुद्रापासून लांब राहता असं समजू नका. नदीच्या दोरीने तुम्ही देवबाग-तळाशीलला बांधलेले आहात.

चांगलीही बातमी आहे. २०२० साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष म्हणून मान दिला. राज्याच्या मानाच्या यादीत कांदळ आला, हे थोडं नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर बायकांचा बचतगट होडीतून कांदळवन दाखवतो. ज्यांनी पाहिलं नसेल, त्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत आईबाबांकडे हट्ट धरावा.

करून पाहा

एक वही करा. तिचं नाव ‘खाडीची वही’. घरी चोणक आला किंवा बाजारात दिसला, की तारीख, तिथी, लांबी आणि कुठल्या खाडीतला ते लिहा. विचारलंत तर मासेवाली काकू नक्की सांगेल. मासा साफ करताना आईला विचारा, पोटात गाबोळी होती का? होती, तर लांबीपुढे ‘आई’ असं लिहा. वर्षभराने वही उघडा आणि बघा : सगळ्यात लहान ‘आई’ किती लांबीची निघाली? हे उत्तर तुमच्या खाडीचं असेल, पुस्तकातलं नव्हे. आम्हाला जरूर कळवा. आणि आईबाबांनो, बाजारात मीटरभराचा चोणक दिसला, तर तो घेण्याआधी या पानाची एकदा आठवण करा.

जाता जाता पुढच्या वेळेचं कोडं. चोणक आधी बाबा, मग आई. खडकातला गोबरा मात्र बरोबर उलटं करतो : आधी आई, मग बाबा! असं का बरं? डोकं चालवा, उत्तर लिहून ठेवा. पुढच्या अंकात ताडून पाहू.